घाम का फुटतो?

मी सॉफ्टवेअरवाली, डॉक्टर नाही. तरी आज आपल्या पंचेचाळिशीबद्दल बोलते. आपल्यापैकी कित्येकींना एसीतही दरदरून घाम फुटतो आणि घरचे म्हणतात, 'मनाचे खेळ!' नवरेमंडळी, नीट ऐका.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे. तिथल्या काही पेशींवर इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतात. इस्ट्रोजेन त्यांना चिकटलं की या पेशी आवरलेल्या राहतात. पाळी जायच्या सुमारास ते घटतं आणि पेशी मोकाट सुटतात. त्यांचं किस्पेप्टिन पीयूषिकेला हुकूम देणाऱ्या पेशींना डिवचत राहतं, म्हणून रक्तात एफएसएच वाढतं. त्यांचंच न्यूरोकायनिन बी शेजारच्या तापमान-केंद्राला चाळवतं आणि अंग तापलेलं नसताना घाम येतो. आमच्या भाषेत, फीडबॅक तुटलेला लूप.

गंमत म्हणजे किस्पेप्टिनचं नाव हर्शी गावच्या 'किसेस' चॉकलेटवरून पडलं. शोध तिथलाच, १९९६चा. त्याचा रिसेप्टर बिघडला तर वयात येणंच अडतं, हे २००३ साली कळलं. म्हणजे शाळेत असताना ज्यांनी आपल्याला मोठं केलं, त्याच पेशी आता रात्री उठवतात.

न्यूरोकायनिनचा रिसेप्टर अडवणारी फेझोलिनेटंट ही गोळी २०२३ साली अमेरिकेत मंजूर झाली. ती घेताना यकृताच्या तपासण्या लागतात, तेव्हा आपल्या ग्रुपवर वाचून मागवू नका. आधी डॉक्टरांना विचारा.