उत्तराची वाट किती पाहावी?

(प्रशिक्षण वर्गातील भाषण)



ऑनलाइन अर्ज भरताना पडद्यावर ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ ही अक्षरे उमटली की ‘सर्व्हर बंद आहे’ असे सांगून आपण अर्जदारास परत पाठवितो. हा निष्कर्ष पुष्कळदा घाईचा असतो. सर्व्हरने जोडणी नाकारली तर तो नकार तत्काळ कळतो. येथे नकारही आलेला नसतो. ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही, एवढेच संगणक सांगत असतो.

जोडणीच्या पहिल्या विनंतीस उत्तर न मिळाल्यास संगणक ती पुन्हा धाडतो. लिनक्स प्रणालीत दीर्घकाळ रूढ असलेली रीत अशी : एक सेकंद थांबावे, मग दोन, चार, आठ, अशी प्रतीक्षा दुप्पट करीत जावे आणि सहा पुनर्प्रयत्नांनंतर, सुमारे १२७ सेकंदांनी, नाद सोडावा.

या संयमाचे मोल १९८६ च्या ऑक्टोबरात दिसून आले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा व तेथील विद्यापीठ यांत अंतर अवघे ४०० यार्डांचे. पण त्यांच्यामधील संदेशवहनाचा वेग सेकंदास ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. वाट तुंबलेली, आणि उत्तरास उशीर झाला म्हणून यंत्रे तेच संदेश पुनःपुन्हा त्या वाटेवर लोटीत होती! व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली या कोंडीवरील उपाय निबंधरूपाने मांडले. अर्जाच्या अखेरच्या दिवशी एकच कळ दहादा दाबणारे आपण त्या यंत्रांहून फारसे वेगळे नसतो.

मुदत वाढविली की प्रश्न सुटला, असे काही प्रोग्रामर मानतात. मला हा उपाय आळसाचा वाटतो. जोडणीसाठी एक आणि उत्तरासाठी दुसरी, अशा दोन मर्यादा हव्यात. पुनर्प्रयत्न मोजके आणि थोड्या अनियमित अंतराने हवेत, म्हणजे हजारो संगणक एकाच क्षणी धडकत नाहीत.

खरा धोका शुल्क भरताना असतो. पैसे जमा होऊन केवळ पोच वाटेत हरवली, तरी पडद्यावर टाइमआउटच दिसतो. म्हणून प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक असावा आणि पुन्हा पाठविताना तोच क्रमांक जावा. तो ओळखून सर्व्हर दुसऱ्यांदा शुल्क घेणार नाही. अशी सोय आहे की नाही हे खिडकीवरील कर्मचाऱ्यास दिसत नाही. त्याने आधी अर्जाची स्थिती तपासावी, मगच कळ दाबावी.

अडचण रोजचीच असेल तर तेच संकेतस्थळ मोबाइलच्या इंटरनेटवरून उघडून पाहावे. तेथे ते उघडले, तर दोष बहुधा कार्यालयाच्या जोडणीत किंवा विनंत्या मुकाट्याने गिळणाऱ्या फायरवॉलमध्ये असतो. तक्रार नोंदविताना वेळ आणि पडद्यावरील नेमके शब्द लिहून द्यावेत.