ठरलेल्या वेळेचा संताप

टीव्ही खोटं दाखवतो, ही आपली नेहमीची तक्रार. पण कुणी खरं बोललं, तर त्याचं तो काय करतो? मला हा प्रश्न जास्त अवघड वाटतो, आणि ‘ब्लॅक मिरर’ या ब्रिटिश मालिकेने तो नेमका मांडला आहे. बंद पडद्याच्या काळ्या काचेत आपलाच चेहरा दिसतो, त्यावरून हे नाव. तिचे कर्ते चार्ली ब्रूकर पूर्वी ‘गार्डियन’मध्ये टीव्हीवर बोचरी समीक्षा लिहीत.

मालिकेचा दुसरा भाग ११ डिसेंबर २०११ रोजी ‘चॅनेल फोर’वर दाखवला गेला. त्यातली माणसं दिवसभर जागच्या जागी सायकल मारतात आणि त्याचे गुण कमावतात. खोलीच्या भिंती म्हणजे पडदेच. जाहिरात टाळायची तर गुण मोजावे लागतात. गुण संपले आणि डोळे झाकले, तर कर्कश आवाज सुरू होतो.

इथल्या बिंग नावाच्या तरुणाला ॲबीचं गाणं ऐकू येतं. या नकली जगात तेवढंच त्याला खरं वाटतं. तो आपले दीड कोटी गुण खर्चून तिला गायनस्पर्धेत पाठवतो. परीक्षक तिला गायिका करत नाहीत, अश्लील वाहिनीकडे वळवतात. बिंग पुन्हा तेवढे गुण जमवतो, स्वतः मंचावर जातो आणि लपवून आणलेला काचेचा तुकडा आपल्याच गळ्याला लावून मनातला सगळा संताप ओकतो.

त्याला कोणी अडवत नाही. उलट परीक्षक कौतुक करतात आणि त्याला स्वतःचा कार्यक्रम देऊ करतात. तो स्वीकारतो. मग तोच तुकडा, तोच गळा, तोच संताप. फक्त ठरलेल्या वेळी. राहायला मोठी खोलीही मिळते.

इथे कुणी त्याच्या तोंडी खोटं घातलेलं नाही. शब्द त्याचेच आहेत, पण ऐकणाऱ्याला आता काही करावं लागत नाही. पाहिलं की झालं. आपल्याकडच्या रात्रीच्या चर्चा आठवून पाहा. दुःख खरं असतं, माणूस खरा असतो आणि ‘छोट्याशा विश्रांतीनंतर’ विषय बदललेला असतो.

ब्रूकर यांनाही हा पेच चुकला नाही. टीव्हीचे टीकाकार टीव्हीचेच निर्माते झाले. मीसुद्धा हे नेमून दिलेल्या मिनिटांतच बोलतो आहे. म्हणून एवढंच सुचवतो : एखादी बातमी मनाला लागली, तर पुढचा कार्यक्रम सुरू होण्याआधी संच बंद करा आणि घरातल्या कुणाशी तरी त्याविषयी बोला.