दंतबंधातील मूलपेशी आणि आपल्या हिरड्या
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'हिरड्या' असे उत्तर दिले. ते किंचित हसले. संमेलनात विद्या, विवाह, वसतिगृह यांवर बोलावे. हिरड्यांवर काय बोलावयाचे, असा त्यांचा भाव असावा. परंतु आपल्या अनेक घरांतून पन्नाशीला दात हलू लागतात, साठीला कवळी येते आणि 'वय झाले' या दोन शब्दांत सारे संपते. आमच्या मातोश्री सकाळ-संध्याकाळ मिश्री लावीत. हिरड्यांतून येणारे रक्त मिश्रीने थांबते, असा त्यांचा दृढ समज होता. बावन्नाव्या वर्षी त्यांच्या मुखात एकही दात उरला नाही. आम्ही त्या वेळी दंतवैद्यक शिकत होतो. तरीही 'वय झाले' असेच म्हणालो. ती आमची चूक होती. दात वयाने पडत नाहीत, रोगाने पडतात. हे सांगण्याकरिताच आम्ही आज येथे उभे आहोत.

दात खुंटीप्रमाणे हाडात ठोकलेला असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः बाजेला जसे सुंभ, तसे असंख्य सूक्ष्म तंतू दातास हाडाशी बांधून ठेवतात. या बंधास आपण दंतबंध म्हणू. त्याची जाडी सुमारे पाव मिलिमीटर. परंतु सुपारी फोडण्याचा भारही तो सोसतो. हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर साचला, की प्रथम हिरडी सुजते. 1965 साली डेन्मार्कमधील आर्हुस येथे हॅराल्ड लोए व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवावयास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा स्वच्छता सुरू होताच त्या बऱ्या झाल्या. येथवर रोग परतविता येतो. मात्र अनेकांत तो पुढे सरकतो; दंतबंध तुटतो, हाड झिजते. हे बहुधा वेदनेविना घडते, म्हणूनच ते घातक. झिजलेले हाड आपण होऊन परत येत नाही.

ते परत आणता येईल काय? 1976 साली टोरांटोचे मेल्चर यांनी असा विचार मांडला की, उघड्या पडलेल्या मुळावर कोणत्या पेशी प्रथम येऊन वसतात, यावर जखमेचे भवितव्य ठरते. हिरडीची त्वचा त्वरेने वाढून ती जागा बळकावते. दंतबंधाच्या पेशी मागे पडतात. 1982 साली स्वीडनमधील न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधे एक पातळ पडदा ठेवून त्वचेस अडविले, आणि मानवी दाताच्या मुळावर नवा बंध निर्माण झाल्याचे दाखविले.

तो बंध घडविणाऱ्या पेशी हाती लागल्या त्या 2004 साली. अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थेत सेओ, शी आदी संशोधकांनी काढलेल्या पंचवीस अक्कलदाढांच्या मुळांवरील दंतबंध खरवडून त्यातून मूलपेशी वेगळ्या केल्या. मूलपेशी म्हणजे शेतकऱ्याने राखून ठेवलेले बियाणे. गरजेप्रमाणे त्यातून निरनिराळ्या पेशी निपजतात. उंदरांच्या शरीरात रोपण केल्यावर या पेशींनी मुळावरील कठीण आवरण आणि त्यास जोडणारे तंतू यांसारखी रचना उभी केली. आम्ही उभ्या आयुष्यात कितीएक अक्कलदाढा काढल्या असतील! प्रत्येक दाढेसमवेत हे बियाणे आम्ही बादलीत टाकीत होतो.

मग बियाणे घरात असता दात का पडतात? कारण जमीन नासलेली असते. दीर्घकाळ दाह झालेल्या जागेतील मूलपेशींची हाड घडविण्याची शक्ती क्षीण होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. निरोगी स्थितीत याच पेशी शरीराच्या संरक्षक पेशींचा आवेग शांत करतात. दाहाने तो गुणही उणावतो. अशा रीतीने रोग राखणदारासच निकामी करतो.

उपचाराचे प्रयत्न चालू आहेत. टोकियो येथे दहा रुग्णांवर त्यांच्याच दंतबंधपेशींचे पातळ पत्रे बसविले. 2018 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक होते, परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. चीनमधील शिआन येथे तुलना झाली. 2016 च्या त्या अहवालानुसार उपचार सुरक्षित ठरला, पण पेशी दिलेल्या व न दिलेल्या गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. आशा धरावी, उतावीळ होऊ नये.

हे सांगण्यास कारण घडले. आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ नातवाच्या दुधाच्या दातांतील पेशी साठविण्याचे माहितीपत्रक घेऊन आमच्याकडे आले. रक्कम मोठी होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नाळेच्या रक्ताखेरीज अशा इतर पदार्थांच्या व्यापारी साठवणुकीस मान्यता दिलेली नाही, हे आम्ही त्यांस सांगितले. ते पैसे नातवाच्या शिक्षणास लावावेत, हा आमचा सल्ला त्यांनी मानला.

आपल्या हाती आहे ते जमीन राखणे. दोन वेळा दात घासावेत, दोन दातांमधील फट स्वच्छ करावी. दात साफ करून घेतल्याने ते सैल होतात, हा भ्रम सोडावा. सैल ते आधीच झालेले असतात, कीटण निघाल्यावर ते कळते इतकेच. मधुमेह असेल तर तो आटोक्यात ठेवावा, कारण तो हिरड्यांचा रोग बळावतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग झाकला जातो. मिश्री म्हणजेही भाजलेली तंबाखूच. ती औषध नव्हे.

शेवटी मंडळास एक विनंती. पुढील संमेलनात विद्यार्थ्यांच्या गुणगौरवासमवेत दंततपासणीचीही व्यवस्था करावी, आणि त्या रांगेत प्रथम आपल्या माता-भगिनींना उभे करावे. त्या सर्वांना वाढून मग जेवतात. दुखणेही शेवटीच सांगतात. आमच्या मातोश्रींना आम्ही वेळीच विचारले नाही. आपण आज घरी गेल्यावर विचारावे, एवढेच मागून आम्ही आपली रजा घेतो.