बाळाची वाटी वेगळी ठेवा

(प्रभागसंघाच्या सर्वसाधारण सभेत अंगणवाडीच्या निवृत्त सेविकाताईंनी केलेलं भाषण, त्या बोलल्या तसं.)

इथं बसलेल्या सुनांना नमस्कार, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या सासूबाईंना आधी नमस्कार, कारण आजचं बोलणं त्यांच्याशिवाय पुढं जाणार नाही.

बचतीचं बोलून झालं, परतफेडीचं झालं. अध्यक्षताईंनी मला थोडा वेळ दिलाय तो घरातल्या तान्ह्या बाळासाठी, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या. आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे एक सूत्र आहेच. ते नुसतं म्हणायला नको, पाळायलाही हवं.

एक प्रश्न विचारते. घरात बाळ असेल त्यांनी मनातल्या मनात उत्तर द्यायचं. काल दिवसभरात बाळानं किती खाल्लं?

बहुतेक घरांत उत्तर येतं, "खातंय की सारखं!" बरं, काय खातंय? सकाळी आजीनं चहात बुडवून बिस्कीट दिलं. आजोबांनी आपल्या ताटातला भाताचा घास भरवला. मोठ्या जाऊबाईंनी भाकरीचा तुकडा हातात दिला. काकानं येताना पाच रुपयांचा पुडा आणला. आई शेतातनं आली, तिनं अंगावर पाजलं, वर चार चमचे वरणाचं पाणी दिलं. प्रत्येकाला वाटतं बाळ खातंय, आणि त्याचं त्याच्यापुरतं खरंही असतं. पण हे सगळं एका वाटीत गोळा करून बघा. अर्धी वाटीसुद्धा भरत नाही.

आपल्या गटाच्या पेटीचं असं झालं तर? दहा जणींनी हात घातला, कुणी टाकले, कुणी काढले, वहीत मात्र कुणीच लिहिलं नाही. महिनाअखेरीला हिशोब लागेल का? बाळाच्या पोटाचा हिशोब चुकतो तो असाच. माया करायला घरात दहा माणसं आहेत, मोजायला कुणी नाही.

म्हणून आज मी एकच गोष्ट सांगायला आले. बाळाची वाटी वेगळी ठेवा. स्टीलची, साधी, पाव लिटर दूध मावेल एवढी. त्यात वाढायचं, त्यातलंच भरवायचं, आणि किती उरलं ते बघायचं. मोठ्यांच्या ताटातून भरवलं की चार घास गेले का दहा, कळत नाही. वाटी असली की घरातल्या सगळ्यांना दिसतं.

आता वाटीत किती घालायचं ते ऐका. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही, उन्हाळ्यातही नाही. सहा महिने झाले की दूध एकटं पुरत नाही. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करायची, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत न्यायचं, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ महिन्यांनंतर अर्धी वाटी तीन-चार वेळा. वर्ष झालं की पाऊण ते पूर्ण वाटी, तीन-चार वेळा, आणि मध्ये एक-दोनदा केळं, उकडलेलं रताळं, शेंगदाण्याच्या कुटाचा मऊ लाडू असं काहीतरी. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढंही चालू ठेवायचं.

आणि घट्ट द्यायचं. आपल्याकडं वरणाचं पाणी आणि भाताची पेज पाजायची सवय आहे. बाळाचं पोट केवढंसं! ते पाण्यानं लगेच भरतं, बाळ मान फिरवतं, आणि आपण म्हणतो झालं पोट. चमचा तिरका केला तर खाली ओघळू नये, एवढं घट्ट हवं. मूगडाळीची मऊ खिचडी, कुस्करलेला वरणभात, दुधात भिजवून मऊ केलेली भाकरी, नाचणीची घट्ट खीर. त्यावर चमचाभर तूप किंवा तेल. शेवग्याचा नाहीतर मेथीचा पाला बारीक करून घाला. पपई, केळं द्या. घरात खात असाल तर चांगलं शिजवलेलं अंडं द्या, काटे काढून मासे द्या. अंडं उष्ण पडतं म्हणून सात-आठ महिन्यांच्या बाळाला देत नाहीत. बिनघोर द्या. फक्त अख्खा शेंगदाणा, फुटाणा, द्राक्षाचा अख्खा मणी लहान मुलाच्या हातात देऊ नका. घशात अडकतो.

हे सगळं इतकं ताणून का सांगते? कारण ही दोन वर्षं परत येत नाहीत. चांगलं वाढणारं बाळ पाच-सहा महिन्यांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट होतं, वर्षाचं होईतो तिप्पट. मेंदूची सगळ्यात जोरात वाढ याच काळात होते. पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंतच्या १,००० दिवसांत जी उंची खुंटते, ती पुढं भरून काढणं फार कठीण असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांमागे ३५ मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. शंभरात पस्तीस! ही सगळी काही उपाशी घरातली नाहीत. घरात धान्याची कणगी भरलेली असते आणि बाळ वाळत असतं, असंही होतं.

आता पुड्याचं बोलू. मामा आला की पुडा, आत्या आली की पुडा, आजोबा पाराकडं गेले की पुडा. कुणी वाईट हेतूनं आणत नाही. मूल धावत येतं, आपला गळा धरतं, ते बघून जीव सुखावतो. पण त्या पुड्यात मीठ, तेल, मैदा, साखर. तोंडाला चव लागते, भूक मरते. मग आईनं खिचडी पुढं केली की बाळ तोंड फिरवतं, आणि घरात बोल कुणाला लागतो? आईला. "हिला पोराला भरवता येत नाही."

दिवसाला पाचचे दोन पुडे धरा. दहा रुपये. महिन्याचे ३००, वर्षाचे ३,६५० रुपये. दहा रुपयांत आपल्या गावात अंडं येतं का, केळी किती येतात, हे तुम्हांला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. हिशोब घरी जाऊन सगळ्यांसमोर मांडा. चहाचंही तसंच. चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला चहा नकोच.

आता अवघड भाग. सुनेला हे सगळं पटतं, पण घरात बोलायचं कसं?

सुनांनो, एक लक्षात ठेवा. सासूबाईंनी तीन-चार लेकरं वाढवलीत, तीही घरात वीज नसताना, दवाखाना लांब असताना. त्यांना "तुमचं सगळं चुकीचं" म्हटलं की बोलणं तिथंच संपलं. त्यांच्याकडचं बरंच काही चांगलं आहे. नाचणी, अळीव, डिंक, ताज्या भाज्या हे त्यांनीच टिकवलं. काही गोष्टी मात्र आता बदलल्यात. बाळाला पहिला चीक पाजायचा, काढून टाकायचा नाही. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, कारण मधात कधीकधी असे जंतू असतात की मोठ्या माणसाला काही होत नाही, पण तान्ह्या बाळाचं अंग लुळं पडू शकतं. आणि सहा महिन्यांच्या आत गुटी नको. सहाण, पाणी, बोट यांतलं काय स्वच्छ नसेल ते सांगता येत नाही.

हे तुम्ही तोंडानं सांगू नका. गावात दर महिन्याला ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस असतो. त्या दिवशी बाळाच्या वजनाला जाताना सासूबाईंना सोबत न्या. "आई, तुम्ही चला, ताई काय सांगतात ते तुम्हीच ऐका." वजन त्यांच्यासमोर होऊ द्या. माता व बाल संरक्षण कार्डावर रेघ कशी चाललीय ती त्यांना दाखवायला सांगा. अक्षर येत नसलं तरी रंग कळतो. हिरव्यात आहे की पिवळ्यात उतरलं, ते आजी स्वतः बघते. एकदा तिनं बघितलं की घरात वाटीची राखण तीच करते, सुनेला काही बोलावं लागत नाही.

अजून एक. रेघ हिरव्यात असली तरी दोन महिने सपाट चालली असेल, तर जागे व्हा. बाळ वाढायचं थांबलंय असा त्याचा अर्थ. पिवळ्यात जायची वाट बघू नका. दंडाला पट्टी लावून मोजतात तेव्हा माप ११.५ सेंटीमीटरच्या खाली आलं, म्हणजे पट्टी लाल दाखवते. तेव्हा एक दिवसही न घालवता आशाताईंबरोबर आरोग्य केंद्रात जायचं.

आता सासूबाईंना दोन शब्द. तुमच्या हातात मोठी ताकद आहे. सुगीत, सोयाबीन काढणीला, कांदा लागवडीला सून दिवसभर रानात असते. दहाची, एकची, चारची वाटी तुमच्याच हातची असते. ती भरवायला वेळ लागतो. बाळ थुंकतं, खेळतं, पळतं. जबरदस्ती करू नका, मोबाईल पुढं धरू नका, गोष्ट सांगत भरवा. आधी हात साबणानं धुवा, तुमचे आणि बाळाचेही. आणि अंगावर पाजणारी सून सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खात असेल, तर तिचं ताट आधी वाढा. तुम्ही वाढलंत तर घरात कुणाची बोलायची हिंमत नाही. तुमच्या वेळी कुणी वाढलं नसेल. तुम्ही वाढा.

पुरुष मंडळी इथं नाहीत, पण निरोप न्या. संध्याकाळची एक वाटी बापानं भरवावी. त्यात कमीपणा काही नाही. बाजारातनं येताना पुड्याऐवजी केळी आणावीत. लेकराला आनंद माणूस घरी आल्याचा असतो.

आजारपणात तर वाटी सोडूच नका. जुलाब लागले की घरात दहा जण दहा सल्ले देतात, आणि त्यात पहिला असतो "खायला देऊ नका." उलट करायचं. अंगावर पाजत राहायचं, मऊ अन्न थोडं थोडं द्यायचं, ओआरएसचं पाणी पाजायचं, आणि झिंकची गोळी जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्यायची. ओआरएस आणि झिंक आशाताईंकडं मिळतं. बाळ मलूल पडलं, पिईनासं झालं, शौचात रक्त दिसलं, डोळे खोल गेले, तर कुणाच्या सल्ल्यासाठी थांबू नका, दवाखाना गाठा. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक वाटी जास्त द्या. आजारात गेलेलं वजन तेव्हाच भरून येतं.

ज्या मैत्रिणी ऊसतोडीला जातात त्यांनी बोचक्यात कार्ड आणि वाटी आठवणीनं घ्यायची. जिथं कोपी पडेल तिथल्या अंगणवाडीत कार्ड दाखवायचं, वजन करायचं, आहार मागायचा. तो बाळाचा हक्क आहे. गाव बदललं म्हणून तो जात नाही.

शेवटी गटाचं काम. महिन्यातल्या एका बैठकीत दहा मिनिटं बाळांसाठी ठेवा. ज्यांच्या घरात दोन वर्षांखालचं मूल आहे, त्यांनी या महिन्याचं आणि मागच्या महिन्याचं वजन सांगायचं. वाढलं तर टाळ्या. नाही वाढलं तर नावं ठेवायची नाहीत, कारण नावं ठेवली की पुढच्या महिन्यात ती बाई वजन सांगणारच नाही. अडचण काय ते विचारा. तिच्या घरी भरवायला माणूस नसेल, तर शेजारच्या दोघी वेळ वाटून घ्या. सासूबाई ऐकत नसतील, तर त्यांच्याच वयाची आपली एखादी सदस्य चहाला जाऊ द्या. कोंबड्या पाळायला लहान कर्ज हवं असेल तर ठराव करा. अंडी घरच्या बाळाला आधी, बाजाराला नंतर.

आणि आपण सगळ्याजणी कुणाच्या तरी आत्या, मावशी, मामी, काकू आहोत. म्हणून आज एक ठराव इथंच करू. बाळ असलेल्या घरी जाताना पुडा न्यायचा नाही. चार केळी न्या, दोन अंडी न्या, परड्यातली शेवग्याची पानं न्या. काहीच नसलं तर रिकाम्या हातानं जा, बाळाला मांडीवर घ्या आणि त्याच्या आईला म्हणा, "तू निवांत जेव, आण ती वाटी, मी भरवते."

ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करा. सासूबाईंनी आधी.