हुकलेल्या धांवेचा हिशेब

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या सभेंत बहुधा यशाच्या कथा सांगितल्या जातात, आणि तें योग्यच आहे. परंतु "तुमच्या धांवण्याविषयीं तरुणांस दोन शब्द सांगा" अशी चिटणीसांनीं आज्ञा केली, तेव्हां माझ्यापुढें मोठी अडचण उभी राहिली. मी कांहीं नामांकित धांवपटु नव्हे. दिवसभर कचेरींत बसून दुसऱ्यांचे हिशेब तपासणें हा माझा व्यवसाय, आणि धांवणें हा निव्वळ छंद. त्या छंदांतील माझा सर्वांत मोठा प्रसंग म्हणाल, तर तो अपयशाचा आहे. तोच आज आपल्यापुढें मांडतों.

19 जानेवारी 2020 रोजीं मुंबईच्या मॅराथॉन शर्यतींत मी प्रथमच पूर्ण अंतर धांवावयास उतरलों. हें अंतर 42 किलोमीटर व 195 मीटर, म्हणजे सव्वीस मैलांहून थोडें अधिक. साडेचार तासांत तें पुरें करावयाचें, असा माझा संकल्प होता. चार महिने रोज पहाटे भुईगांवच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन परत येण्याचा क्रम मीं ठेविला होता. शेजारचा एक सतरा वर्षांचा मुलगाही माझ्यासंगें येत असे. माझ्या संकल्पाची वार्ता मीं स्वतःच आळींत सर्वांस सांगून ठेविली होती, हेंही कबूल करावयास हवें.

बोरीबंदरहून आम्ही निघालों तेव्हां अंधार होता, हवा गार होती, आणि हजारों पावलांचा नाद कानांत भरला होता. माझे पाय जणूं आपोआप उचलत होते. ठरविलेल्या वेगाहून मी पुष्कळच भरधाव जात आहें हें मनगटावरील घड्याळ मला सांगत होतें. पण "आजचा दिवस आपला आहे" असें म्हणून मीं त्याकडे दुर्लक्ष केलें. अर्धें अंतर मीं दोन तास चार मिनिटांत तोडलें. ठरल्यापेक्षां अकरा मिनिटें मीं वांचविलीं, असा तेव्हां माझा समज होता. वस्तुतः तीं मीं भारी व्याजानें उसनीं घेतलीं होतीं.

वसुली झाली ती तिसाव्या किलोमीटरानंतर. ऊन वर आलें, मांड्या दगडासारख्या झाल्या, आणि पेडर रोडचा चढ समोर येतांच मी थांबलों. तेथून पुढें बहुतेक वाट मी चालतच गेलों. सत्तरीच्या घरांतील एक गृहस्थ मंद पण एकसारख्या पावलांनीं माझ्याजवळून पुढें निघून गेले. शेवटची रेघ मीं ओलांडली तेव्हां पांच तास अडतीस मिनिटें झालीं होतीं. आई वाट पाहत उभी होती. तिनें वेळ विचारली नाहीं, "पाणी प्यायलास का रे?" एवढेंच विचारलें. आणि मला तिच्याकडे मान वर करून पाहवेना.

पदक मीं कपाटाच्या तळाशीं टाकलें. कोणीं विचारिलें तर उन्हास बोल लावीं, गर्दीस बोल लावीं, बुटांसही लावीं. पहाटेचा रस्ता मीं सोडला. असे दोन आठवडे गेले, आणि मग एका पुस्तकांत शिझो कानाकुरी या जपानी गृहस्थाची हकीकत माझ्या वाचनांत आली.

1912 सालीं स्वीडनच्या स्टॉकहोम शहरीं ऑलिंपिक सामने झाले. जपान देश प्रथमच त्यांत उतरला, तो दोन खेळाडूंनिशीं. त्यांपैकीं एक कानाकुरी. सैबेरियाच्या आगगाडीनें लांबचा प्रवास करून तो तेथें पोंचला. 14 जुलैच्या मॅराथॉनच्या दिवशीं असा उष्मा झाला कीं, निघालेल्यांपैकीं सुमारें निम्मे गडी शेवटापर्यंत पोंचूंच शकले नाहींत, आणि पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा धांवपटु दुसऱ्या दिवशीं मरण पावला. कानाकुरीच्या पायांत 'ताबी' नांवाचीं कापडी पादत्राणें होतीं. तेथील कठीण रस्त्यांपुढें त्यांचा टिकाव लागेना. अर्ध्याहून अधिक वाट चालून गेल्यावर त्याची शुद्ध हरपली. वाटेवरील एका कुटुंबानें त्याची शुश्रूषा केली. सावध झाल्यावर तो लज्जेनें इतका खचला कीं, संयोजकांस न कळवितांच आगगाडींत बसून परतला आणि मायदेशीं निघून गेला. तेथील लोकांच्या लेखीं तो धांवपटु हरवला तो हरवलाच!

मंडळी, मी पुस्तक मिटलें, तें शरमेनें. पदक कपाटाच्या तळाशीं टाकणारा मी आणि निरोप न घेतां निघून जाणारा तो, या दोघांत मला फारसा फरक दिसेना. पण पुढील पानांवर फरक होता. जगापासून तो लपला खरा, तथापि स्वतःपासून लपला नाहीं. उन्हानें घात केला ना, मग ऐन उन्हाळ्यांत सराव करावयाचा, असें त्यानें ठरविलें. ताबी करणाऱ्या कारागिराच्या साह्यानें त्या पादत्राणांस रबरी तळ बसविण्यांत आला. आणि एकट्यानें धांवून भागणार नाहीं, देशांत पुष्कळ धांवणारे तयार झाले पाहिजेत, हें जाणून त्यानें तोक्यो व हाकोने यांच्या दरम्यान विद्यार्थ्यांची टप्प्याटप्प्यांची शर्यत सुरूं करण्यांत पुढाकार घेतला. 1920 सालीं चार विद्यालयांनीं सुरूं केलेली ती शर्यत आजही दर नववर्षारंभीं होते.

त्याच 1920 सालीं बेल्जममधील अँटवर्प येथें तो पुन्हां ऑलिंपिक मॅराथॉन धांवला आणि सोळावा आला. येथें आपल्यास अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. त्याच शर्यतींत आपल्या बेळगांवचे फडेप्पा चौगुले हे हिंदुस्थानच्या वतीनें धांवत होते. त्यांनीं एकोणिसावा क्रमांक पटकाविला. दोघांच्या वेळांत अंतर सुमारें दोन मिनिटांचें. पदक दोघांपैकीं कोणासही मिळालें नाहीं. परंतु त्यांस अयशस्वी म्हणण्याचें धाडस आपल्यापैकीं कोण करील?

कानाकुरीची कथा येथेंही संपत नाहीं. 1967 सालीं स्वीडनच्या लोकांनीं त्यास अगत्यानें बोलाविलें, आणि पंचाहत्तर वर्षांच्या त्या वृद्धानें स्टॉकहोमच्या क्रीडांगणांत जाऊन आपली राहिलेली धांव पुरी केली. वेळ नोंदली गेली ती 54 वर्षें, 8 महिने, 6 दिवस, 5 तास, 32 मिनिटें आणि 20.3 सेकंद. जी गोष्ट लपवून तो निघाला होता, तीच सर्वांसमक्ष हंसतमुखानें पुरी करून तो मोकळा झाला.

मग मीही वही काढली. दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्यास स्वतःचा मांडावयास लाज कसली? एका बाजूस माझ्या हातीं नव्हतें तें लिहिलें: ऊन आणि चढ. दुसऱ्या बाजूस माझ्या हातीं होतें तें लिहिलें: आरंभींचा उतावळा वेग, सरावांत चोवीस किलोमीटरांपलीकडे एकदांही न जाणें, तहान लागेपर्यंत पाणी न घेणें. पहिल्या बाजूस दोन ओळी, दुसऱ्या बाजूस पानभर मजकूर! जाणत्यांस विचारतां कळलें कीं, स्नायूंत व यकृतांत सांठविलेली साखर बहुधा तिसाव्या किलोमीटराच्या पुढेंमागें सरत येते, आणि वेग जितका अधिक तितकी ती लवकर संपते. ज्यास मी दैव म्हणत होतों, तें साधें गणित होतें.

तेवढ्यांत त्या शेजारच्या मुलाची आठवण झाली. त्यानेंही धांवणें सोडलें होतें. कां, म्हणून विचारलें, तर म्हणाला, "काका, तुम्ही कांहींच बोललां नाहीं. मला वाटलें, यांत शेवटीं लाजच पदरीं येते." त्याचें हें वाक्य मला त्या चढापेक्षां जड गेलें. माझ्या पराभवानें त्याचें कांहीं बिघडलें नव्हतें. बिघडलें तें माझ्या मौनानें. त्याच सायंकाळीं ओट्यावर बसून वहीचें तें पान मीं त्यास वाचून दाखविलें.

पुढें महामारीमुळें 2021 व 2022 सालीं मुंबईची शर्यत भरली नाहीं. 15 जानेवारी 2023 रोजीं मी पुन्हां उतरलों. आरंभीं मुद्दाम सावकाश निघालों, तहान लागण्यापूर्वींच पाणी घेत गेलों, आणि तो चढ न थांबतां चढलों. वेळ लागली चार तास सत्तेचाळीस मिनिटें. म्हणजे साडेचार तासांचा संकल्प आजही पुरा झालेला नाहीं! पण त्या दिवशीं आईनें पाण्याचें विचारलें तेव्हां मीं मान वर करून उत्तर दिलें. आणि तो मुलगा? यंदां सरावांत तोच मला मागें टाकतो, व पुढें जाऊन वळणावर थांबतो.

तरुण मित्रांनो, परीक्षेंत, नोकरींत, खेळांत तुमच्याही वांट्यास असा दिवस येईल. त्या दिवशीं खुशाल रडा. पण आठवडा उलटण्यापूर्वीं वही काढा, दोन बाजू मांडा, आणि तें पान आपल्याहून धाकट्या कोणास तरी वाचून दाखवा. लपविलेला पराभव एकट्याचा राहतो. सांगितलेला पुढच्यांच्या उपयोगीं पडतो.