बाहुलीच्या घरचा नाताळ

पालघर-बोईसरमधील उमरोळीच्या एखाद्या मुलीस बाहुलीच्या घरांत नाताळ मांडावयाचा असेल, तर तिनें जुनी सजावट कोठें धुंडाळावी? मुंबईचा चोरबाजार आहेच. पण तत्पूर्वीं घरांतील तुटक्या माळांचा डबा उपडा करावा. बाहुलीचें घर बहुधा फुटास इंच या मापाचें असतें. वसईच्या एखाद्या घरीं झाडावर शोभलेला तीन इंची गोळा तेथें तीन फुटांचा धोंडा ठरेल! पाव इंचाचा काचमणी मात्र बरोबर तीन इंची गोळा होतो. आणि हें नातें जुनेंच आहे. जर्मनीतील लाउशा गांवीं नाताळाच्या गोळ्यांआधीं मणीच फुंकले जात. आंतून रुप्याचा मुलामा, बाहेरून रंग. तो रंग पाण्यानें सुटतो व पुन्हा मिळत नाहीं. म्हणून जुना मणी धुवूं नये. कोरड्या कुंचल्यानें झाडावा आणि दमट किनाऱ्यावर घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावा.