कृत्रिम बुद्धिमत्ता आणि महाविद्यालयीन कर्मचाऱ्यांची जबाबदारी

(संस्थेच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभातील भाषणाचा मजकूर)



सत्काराच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी विद्यार्थ्यांना उपदेश करावा, अभ्यास करा, मोबाईल बाजूला ठेवा असे सांगावे, अशी आपल्याकडे प्रथाच आहे. आज ती थोडी मोडण्याची परवानगी द्यावी. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरअखेर सर्वांसाठी खुले झाले. तेव्हापासून विद्यार्थ्यांनी कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे आपण सगळे ज्याला एआय म्हणतो ते, कसे वापरावे यावर भरपूर बोलले गेले. परंतु प्राचार्यांपासून कार्यालयातल्या लिपिकापर्यंत आम्ही कर्मचाऱ्यांनी ते कसे वापरावे, यावर फारच थोडे बोलले जाते. आम्ही एका महाविद्यालयात शिकवणारी आणि कार्यालयात काम करणारी मंडळी आहोत. आमच्याकडे अशा नियमांचा मसुदा तयार होत आहे. त्या निमित्ताने जे वाचले आणि जे आपसात वादले, ते आपल्यापुढे ठेवतो.

हा विषय या समारंभात कशासाठी, असे कोणी विचारील. विद्यार्थ्याने प्रोजेक्ट यंत्राकडून लिहून घेतला तर नुकसान बहुतांशी त्याचे स्वतःचे होते. कर्मचाऱ्याचे तसे नाही. त्याच्या हातात विद्यार्थ्याचे गुण असतात, हजेरी असते, शिष्यवृत्तीचा अर्ज असतो, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला असतो. ज्याच्या घरातले कोणी महाविद्यालयात शिकलेले नाही, विद्यापीठात ज्याची ओळखदेख नाही, अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत कागदावर चूक झाली तर ती निस्तरायला त्याला वर्ष घालवावे लागते. या सभागृहात असे विद्यार्थी किती आहेत, हे आम्ही सांगायला नको.

यंत्र काय करते ते थोडक्यात सांगतो. त्याला प्रचंड मजकूर वाचायला दिलेला असतो आणि त्यावरून पुढचा शब्द कोणता यावा याचा अंदाज बांधत ते वाक्ये रचते. वाक्य सफाईदार येते, पण त्यातली माहिती खरी असेलच असे नाही. अमेरिकेत दोन वकिलांनी असे यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात दाखल केले आणि २०२३ च्या जूनमध्ये त्यांना व त्यांच्या कार्यालयाला ५००० डॉलर दंड झाला. मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फार कमी वाचायला मिळाल्यामुळे मराठीत त्याच्या चुका आणखी होतात. तेव्हा पहिला नियम साधा आहे: ज्या कागदावर कर्मचाऱ्याची सही आहे त्यातल्या प्रत्येक शब्दाला तो कर्मचारी जबाबदार. ‘यंत्राने असे दिले’ ही सबब चालणार नाही.

आता गुणांकडे येऊ. परीक्षेच्या दिवसांत एकेका शिक्षकापुढे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडतात. अनेक जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरचे शिक्षक दोन-दोन महाविद्यालयांत धावत असतात. अशा वेळी असाइनमेंटचा फोटो काढून यंत्राला ‘दहापैकी गुण दे’ म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. हा मोह आम्हांला समजतो. तरीही ते करू नये, असे आमच्या मसुद्यात स्पष्ट लिहिले आहे. कारण गुण म्हणजे निर्णय आहे, आणि ज्याच्याबद्दल निर्णय होतो त्याला ‘का?’ असे विचारण्याचा अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माहितीच्या अधिकाराखाली परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते असा निर्णय दिला. उत्तरपत्रिका पाहायला आलेल्या मुलीने ‘सर, इथे तीनच गुण का?’ असे विचारले, तर तिच्यासमोर बसलेल्या माणसाला उत्तर देता आले पाहिजे. ज्याने उत्तर वाचलेलेच नाही तो काय सांगणार?

गणिताने गुण वाटल्यावर काय होते याचे एक उदाहरण इंग्लंडमधले आहे. कोविडमुळे २०२० साली तेथील परीक्षा रद्द झाल्या. तेव्हा ऑफक्वाल या परीक्षा नियामक संस्थेने एका संगणकीय सूत्राने ए-लेव्हलच्या श्रेणी ठरवल्या. ते आजच्यासारखे बोलणारे यंत्र नव्हते, पण तत्त्व तेच. शिक्षकांनी सुचवलेल्या श्रेणींपैकी जवळजवळ चाळीस टक्के श्रेणी सूत्राने खाली आणल्या. सूत्रात शाळेचा मागील वर्षांचा निकाल धरलेला होता. म्हणजे ज्या शाळेचा निकाल आजवर बेताचा, तेथील हुशार मुलालाही त्या शाळेच्या इतिहासाने खाली ओढले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि १७ ऑगस्ट २०२० रोजी त्या श्रेणी मागे घेऊन शिक्षकांच्या श्रेणी मान्य कराव्या लागल्या. तुम्ही कोणत्या शाळेतून आलात यावरून तुमची किंमत ठरवण्याचा हा प्रकार आपल्या लोकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

केरळ उच्च न्यायालयाने २०२५ च्या जुलैमध्ये जिल्हा न्यायालयांसाठी एआयविषयी धोरण जाहीर केले. निष्कर्ष काढण्यासाठी किंवा निकाल देण्यासाठी यंत्र वापरायचे नाही, असे त्यात बजावले आहे. न्यायाधीशाला जे बंधन, ते परीक्षकाला, प्रवेश समितीला आणि शिस्तपालन समितीला का नसावे? आम्ही तोच धागा आमच्या मसुद्यात धरला आहे.

यापुढचा मुद्दा आमच्या मते सर्वांत गंभीर आहे, आणि त्यावर स्टाफरूममध्ये सर्वांत जास्त वादही झाला. तो म्हणजे विद्यार्थ्यावर ‘हे तू एआयकडून लिहून घेतलेस’ असा आरोप करणे. बाजारात अशी सॉफ्टवेअरे आहेत जी मजकूर वाचून ‘८० टक्के एआय’ असा आकडा देतात. आकडा छापून आला की तो पुरावाच वाटतो. येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार वाङ्मयचौर्य तपासताना जो अहवाल निघतो, त्यात कोणते वाक्य कोठल्या पुस्तकाशी किंवा लेखाशी जुळते ते दाखवलेले असते. आपण मूळ लेख उघडून खातरजमा करू शकतो. एआयच्या टक्केवारीमागे असा कोणताही मूळ लेख नसतो. शब्द कितपत अपेक्षित क्रमाने आले, वाक्यरचना किती एकसारखी आहे, यावरून बांधलेला तो अंदाज असतो.

मग साधे, सरळ, पाठ्यपुस्तकी इंग्रजी कोण लिहितो? मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी लिहितो. मोजके शब्द ठाऊक असतात, चूक होऊ नये म्हणून तो तीच तीच वाक्यरचना वापरतो, आणि यंत्राला नेमका त्याचाच संशय येतो. ही आमची कल्पना नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली सात सॉफ्टवेअरे तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी घेतले. ते माणसांनीच लिहिलेले होते. तरी सरासरी ६१ टक्के वेळा ते यंत्राचे ठरवले गेले, आणि ९१ पैकी ८९ निबंधांवर निदान एका तरी सॉफ्टवेअरने ठपका ठेवला. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ बिनचूक ओळखले गेले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतः असे एक साधन जानेवारी २०२३ मध्ये आणले होते. ते अचूक ठरत नाही म्हणून सहा महिन्यांत, जुलैमध्ये, तिने ते बंद केले. व्हँडरबिल्ट विद्यापीठानेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडील टर्निटिनची एआय ओळखण्याची सोय बंद केली. यंत्र बनवणाऱ्यालाच जे ओळखता आले नाही, ते आमच्या महाविद्यालयाने विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरला ओळखता येते, असे मानायचे कशाच्या आधारे?

म्हणून आमचा मसुदा म्हणतो की केवळ टक्केवारीच्या आधारावर कोणत्याही विद्यार्थ्याचे गुण कापू नयेत, सबमिशन नाकारू नये, पालकांना पत्र धाडू नये. शंका आली तर विद्यार्थ्याला समोर बसवावे, कच्चे टिपण मागावे, त्याच विषयावर पाच-दहा मिनिटे तोंडी प्रश्न विचारावेत. हे प्रश्न मराठीत विचारावेत, असा आग्रह आमच्यातल्या काहींनी धरला आणि तो मान्य झाला. विषय समजला आहे की नाही हे पाहायचे असेल तर भाषेची परीक्षा मध्ये कशाला आणायची?

काही सहकारी म्हणाले, ‘अशाने नक्कल करणारे सुटतील.’ काही सुटतीलही. परंतु सरसकट नक्कल होत असेल तर प्रश्न बदलावा. ‘लोकशाहीचे महत्त्व’ या विषयावर घरून निबंध आणायला सांगण्याऐवजी आपल्या वॉर्डातल्या पाणीपुरवठ्याची माहिती काढून आणायला सांगितली तर विद्यार्थ्याला नळावर जावेच लागते. हे शिक्षकाचे काम आहे आणि त्याला वेळ लागतो, हे खरे.

आता कार्यालयाकडे वळू, कारण नियमांची चर्चा नेहमी शिक्षकांभोवती फिरते आणि लिपिक बाजूला राहतो. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली आहे, महाडीबीटीवर अर्ज अडकले आहेत, यादीत नावांच्या स्पेलिंगचा गोंधळ आहे. कोणीतरी सुचवतो, ‘एआयला दे, दोन मिनिटांत नीट करून देईल.’ यादीत काय काय असते? नाव, जात, कुटुंबाचे उत्पन्न, आधार क्रमांक, बँक खाते. ही यादी स्वतःच्या मोबाईलवरच्या फुकटच्या ॲपमध्ये टाकली की ती महाविद्यालयाच्या कपाटातून कायमची बाहेर गेली. अशा कित्येक फुकट सेवांत, आपण बंद केले नाही तर, टाकलेला मजकूर पुढे यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०२५ च्या जानेवारीत आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने टाळण्याची सूचना दिली, ती याच भीतीने. व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? जातीचा दाखला विद्यार्थ्याने विश्वासाने दिलेला असतो. पुष्कळ विद्यार्थी वर्गात आपली जात उघड करत नाहीत. तो त्यांचा प्रश्न आहे. ती उघड करण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिलेला नाही.

नाव पुसले की काम भागले, असाही एक समज आहे. तो खोटा आहे. एका वर्गात एखाद्या जमातीची एकच विद्यार्थिनी असेल, किंवा एकच अंध विद्यार्थी असेल, तर नाव नसले तरी तो कोण हे कळतेच. म्हणून मसुद्यात आम्ही यादी, दाखला, उत्तरपत्रिका, वैद्यकीय कागद आणि तक्रारअर्ज ही नावे लिहूनच मनाई केली आहे. छळाच्या तक्रारीतला जबाब ‘भाषा नीट कर’ म्हणून यंत्राला देणे तर अक्षम्यच. परीक्षेपूर्वी प्रश्नपत्रिका देणे, हे वेगळे सांगायला नकोच.

मग कर्मचाऱ्याने एआय वापरूच नये काय? जरूर वापरावे. परिपत्रकाची भाषा सुधारणे, सरावाचे प्रश्न काढणे, नॅकच्या अहवालाचा गोषवारा, अवघड इंग्रजी लेखाचा सोपा सारांश, या कामांत ते उपयोगी पडते आणि वाचलेला वेळ विद्यार्थ्याला देता येतो. अट एकच की ते उघडपणे वापरावे. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठात एका विद्यार्थिनीला प्राध्यापकांच्या टिपणांत चॅटजीपीटीला दिलेली सूचना तशीच राहिलेली सापडली. विद्यार्थ्यांना मात्र त्या विषयात परवानगीवाचून एआय वापरायला बंदी होती. तिने त्या विषयाची आठ हजार डॉलरहून जास्त फी परत मागितली. विद्यापीठाने ती दिली नाही, पण २०२५ साली हे प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले. फी मिळो न मिळो, तिचा प्रश्न रास्त होता: आम्हांला एक नियम आणि तुम्हांला दुसरा का?

काही कामे मात्र उघडपणेही यंत्राकडे देऊ नयेत. मिशिगन स्टेट विद्यापीठात फेब्रुवारी २०२३ मध्ये गोळीबार होऊन तीन विद्यार्थी मारले गेले. त्यावर व्हँडरबिल्टच्या पीबॉडी कॉलेजच्या एका कार्यालयाने विद्यार्थ्यांना दुःख व्यक्त करणारे पत्र पाठवले आणि खाली चॅटजीपीटीचा आधार घेतल्याची नोंद केली. नोंद प्रामाणिक होती, तरी विद्यार्थी संतापले आणि कॉलेजला माफी मागावी लागली. शिफारसपत्राचेही तसेच आहे. ज्या शिक्षकाला विद्यार्थ्याविषयी स्वतःची चार वाक्ये लिहिता येत नाहीत त्याने ‘मी तुला ओळखत नाही’ असे सांगावे. विद्यार्थी दुसऱ्या शिक्षकाकडे जाईल.

नियम मोडणाऱ्याचे काय, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आमचे म्हणणे इतकेच की बडगा फक्त तासिका तत्त्वावरच्या शिक्षकावर आणि कंत्राटी लिपिकावर पडू नये. विभागप्रमुख आणि प्राचार्य यांनाही तोच नियम लागू असला पाहिजे. दुसरे असे की मसुदा आम्ही मराठीत केला आहे. इंग्रजीत केलेली नियमावली फायलीत छान दिसते, पण खिडकीवर बसणारा माणूस ती वाचत नाही.

संस्थेच्या सभासदांना एक विनंती आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यावर स्थानिक सदस्य असतात, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिवही असतात. आपल्यापैकी कोणी अशा समितीवर असतील तर पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचाराव्यात: कर्मचाऱ्यांसाठी एआयचे नियम लेखी आहेत काय, टक्केवारी सांगणारे सॉफ्टवेअर कोणाच्या परवानगीने वापरले जाते, आणि विद्यार्थ्याला दाद मागायची झाल्यास अर्ज कोणाकडे द्यायचा. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यावर असा आरोप झाला तर घाबरून सही करू नका. लेखी अहवाल मागा, तोंडी परीक्षा देण्याची तयारी दाखवा, आणि आपली कच्ची टिपणे फेकू नका.

आमच्या मसुद्याच्या काही प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. तो अजून मंजूर झालेला नाही. ज्यांना सूचना करायच्या असतील त्यांनी समासात लिहून संस्थेच्या सचिवांकडे द्याव्यात.